ओव्याचे फूल : औषध किती, अपाय किती?

पोट गच्च झाले, कळ आली, ढेकर अडकली की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी आठवण होते ती ओव्याची. चिमूटभर ओवा, त्यावर मिठाचे दोन खडे आणि वरून घोटभर कोमट पाणी. बाळंतिणीला ओवा, तान्ह्या बाळाला ओव्याची पुरचुंडी, सर्दीला ओव्याची धुरी, भज्यांतही ओवा. गेली अनेक वर्षे खोडद-नारायणगाव परिसरात रुग्ण तपासताना मी एक गोष्ट पाहत आलो आहे. दवाखान्यात येणाऱ्या पोटदुखीच्या दहांतील निम्म्या रुग्णांनी तरी घरून निघण्यापूर्वी ओवा खाल्लेला असतो. त्यात वाईट काहीच नाही. पण ओव्यात नेमके काय असते, ते किती प्रमाणात काम करते आणि कोठे ते आपल्याला फसवू शकते, हे मात्र प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. आजचा लेख त्यासाठीच.

ओव्याचा वास कशाचा?

ओवा तळहातावर चोळला की जो उग्र वास येतो तो त्यातील उडून जाणाऱ्या तेलाचा. अशा तेलांना सुगंधी किंवा बाष्पनशील तेले म्हणतात. ओव्याच्या दाण्यात हे तेल साधारणपणे दोन ते चार टक्के असते. या तेलातील मुख्य घटक म्हणजे थायमॉल. तेलाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या थायमॉलचा असतो. ओव्याचे तेल थंड जागी ठेवले तर त्यातून पांढरे, खडीसाखरेसारखे चमकदार स्फटिक वेगळे होतात. काष्ठौषधीच्या दुकानात 'ओव्याचे फूल' म्हणून मिळते ते हेच. त्याचा फुलाशी काही संबंध नाही.

युरोपात ओवा पिकत नाही, पण तेथे थाइम नावाची एक सुवासिक वनस्पती आहे. बर्लिनमधील रसायनतज्ज्ञ कॅस्पर न्यूमन यांनी 1719 मध्ये तिच्या तेलातून हे स्फटिक वेगळे केले. थाइमवरून त्याचे नाव पडले थायमॉल. पुढे ओव्यातील द्रव्यही तेच असल्याचे कळले आणि ओव्याचे महत्त्व वाढले. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातून ओवा जहाजाने जर्मनीला जात असे, तेथे त्यातून थायमॉल काढले जाई आणि औषध म्हणून ते जगभर विकले जाई. कच्चा माल आपला आणि कारखाना त्यांचा, असा तो व्यवहार होता. आता थायमॉल कारखान्यात रासायनिक पद्धतीनेही तयार होते. झाडातून काढलेले काय किंवा कारखान्यात केलेले काय, रेणू एकच असतो आणि त्याचे गुण-दोषही तेच असतात.

अनेकांच्या अंगणात कुंडीत जाड, लवदार पानांचा 'पानओवा' असतो. त्याची भजी उत्तम होतात. पण हे झाड निराळे. त्याच्या तेलात थायमॉल आणि त्याचे सख्खे भावंड असलेले कार्व्हॅक्रॉल असते, म्हणून वास ओव्यासारखा येतो.

थायमॉल काय काम करते?

जखम धुण्याचे जुने कार्बोलिक ॲसिड, डेटॉलमधील मुख्य द्रव्य आणि थायमॉल ही तिन्ही 'फिनॉल' या एकाच रासायनिक घराण्यातील. जंतूच्या पेशीभोवती जे पातळ आवरण असते त्यात थायमॉल शिरते आणि ते आवरण गळके करते. आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि जंतू मरतो. बुरशीवरही त्याचा असाच परिणाम होतो. म्हणूनच लोणच्यात आणि मसाल्यात ओवा घालणाऱ्या आपल्या आजीबाईंचे शहाणपण अगदीच निराधार नव्हते.

दुसरा गुण म्हणजे आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करणे. प्राण्यांवरील प्रयोगांत हा गुण दिसून आला आहे. तोंडात तिखट चव लागताच लाळ सुटते, ढेकर येते, वायू सरकतो आणि बरे वाटते. जेवण जड झाल्यामुळे आलेल्या फुगाऱ्यावर ओव्याचा उपयोग होतो तो यामुळे. आयुर्वेदात यवानी या नावाने ओव्याचे जे वर्णन येते तेही पाचक आणि वातहारक असेच आहे.

डॉक्टरी व्यवहारातही थायमॉल आपल्याला अनोळखी नाही. ऑपरेशनसाठी भूल देताना पूर्वी सर्रास वापरले जाणारे हॅलोथेन टिकून राहावे म्हणून त्यात अत्यल्प थायमॉल मिसळलेले असे. चोवीस तासांची लघवी तपासणीसाठी साठवताना ती नासू नये म्हणूनही थायमॉल वापरत. गुळण्या करण्याच्या लिस्टरीनसारख्या औषधात निलगिरी आणि पुदिन्यातील द्रव्यांबरोबर थायमॉल असते, पण किती? शंभर भागांत एक दशांश भागाहूनही कमी. ब्रश करण्याबरोबर अशा गुळण्या नियमित केल्यास दातांवरील कीट आणि हिरड्यांची सूज कमी होते, हे चाचण्यांत दिसले आहे. मात्र मिश्री किंवा तंबाखूमुळे तोंडात पांढरा चट्टा पडला असेल, तोंड कमी उघडत असेल तर गुळण्यांवर विसंबू नये. तोंड तपासूनच घ्यावे.

युरोपातील मधपाळ मधमाश्यांना त्रास देणाऱ्या व्हॅरोआ या कोळीवर्गीय किडीसाठी पेटीत थायमॉल ठेवतात. म्हणजे पाहा, मधमाशीपासून माणसाच्या दातापर्यंत या द्रव्याची ये-जा आहे.

जंतांचे जुने औषध

थायमॉलचा सर्वांत मोठा उपयोग एके काळी झाला तो अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म या जंतांवर. हे जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि माणूस पांढराफटक पडतो. 1880 च्या सुमारास आल्प्स पर्वतातील सेंट गोटहार्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत अशा रक्तक्षयाची मोठी साथ आली. त्याच सुमारास इटलीतील ट्युरिनचे डॉ. कॅमिलो बोझोलो यांनी या जंतांवर थायमॉल देण्यास सुरुवात केली. पुढे अमेरिकेत 1909 मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून हुकवर्मविरुद्ध मोठी मोहीम निघाली. तिचे मुख्य औषध थायमॉलच होते.

मोठ्या माणसाला त्या वेळी देत तो डोस सुमारे चार ग्रॅमचा असे. आता आपल्या चमचाभर ओव्याचा हिशेब करू. लहान चमचाभर ओवा म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. त्यात तेल साधारण 60 मिलिग्रॅम आणि त्यातील थायमॉल 30 मिलिग्रॅमच्या आसपास. चार ग्रॅम थायमॉल मिळण्यासाठी असे सव्वाशेहून अधिक चमचे, म्हणजे पाव किलोपेक्षा जास्त ओवा एका दिवसात खावा लागेल! म्हणून 'मुलाला जंत झालेत, रोज ओवा देतेय' असे एखादी आई सांगते तेव्हा मी तिला हा हिशेब समजावतो. चिमूटभर ओव्याने मुलाचे नुकसान होत नाही. पण जंतही जात नाहीत आणि रक्त कमी होत राहते.

मग ओव्याचे फूलच चार ग्रॅम द्यावे का? मुळीच नाही. त्या काळी हे औषध घेणाऱ्याला सक्त ताकीद असे की त्या दिवशी तेल, तूप आणि दारू वर्ज्य. थायमॉल पाण्यात फारसे विरघळत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम विरघळते. त्यामुळे ते आतड्यातच राहून जंतांना मारी आणि जुलाबाच्या क्षारासरशी बाहेर पडे. पण पोटात तेल, तूप किंवा मद्य असले की ते त्यात विरघळून रक्तात जाई. मग चक्कर, मळमळ, नाडी मंद होणे, शुद्ध हरपणे असे प्रकार होत. काही रुग्ण दगावलेही. म्हणूनच याहून सुरक्षित औषधे मिळताच डॉक्टरांनी थायमॉल सोडून दिले. आज अल्बेंडाझोलची एक गोळी ते काम कितीतरी सुरक्षितपणे करते. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ती मोफत मिळते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि शेतात, उसाच्या सरीत, गोठ्यात पायांत काहीतरी घाला. गोळीपेक्षाही तो उपाय मोठा आहे.

अमृतधारेची बाटली

आता येतो मुख्य मुद्दा. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ समभाग घेऊन बाटलीत घातले की पाहता पाहता त्यांचे पाणी होते. यात जादू नाही. तिघांचे वितळण्याचे तापमान वेगवेगळे. थायमॉलचे सुमारे 50 अंश, पुदिन्याच्या फुलाचे सुमारे 42 अंश, कापराचे तर 170 अंशांच्या वर. पण एकत्र आल्यावर त्यांच्या रेणूंची घडी एकमेकांमुळे विस्कटते आणि मिश्रण साध्या हवेच्या तापमानालाच वितळते. दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात शाळांची मुले प्रयोग मांडतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली तेथे मांडावा असा हा प्रयोग आहे.

या मिश्रणालाच अमृतधारा म्हणतात. अनेक घरांत ती देवघराच्या फळीवर किंवा खिडकीत असते. मोठ्या माणसाने साखरेवर दोन-तीन थेंब घेतले तर प्रत्येक घटक 50 मिलिग्रॅमच्या जवळपास पोटात जातो. निरोगी माणसाला त्याने सहसा अपाय होत नाही. आता चमचाभर अमृतधारेचा हिशेब करा. लहान चमचा पाच मिलिलिटरचा. त्यात एक तृतीयांश कापूर, म्हणजे दीड ग्रॅमहून अधिक. लहान मुलाच्या जिवावर बेतायला एक ग्रॅम कापूरही पुरेसा ठरू शकतो!

कापूर पोटात गेल्यावर पाच-दहा मिनिटांतही झटके येऊ शकतात. आधी तोंडाची आग, उलटी, मूल अस्वस्थ होणे आणि मग एकाएकी आकडी. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच अंगाला लावायच्या औषधांत कापराचे प्रमाण 11 टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम झाला. आपल्या घरगुती अमृतधारेत ते त्याच्या तिप्पट असते. आणि बाटली कोणती? बहुधा सर्दी-खोकल्याच्या औषधाची रिकामी झालेली, वर चिठ्ठी नसलेली. घाईत, वीज गेलेली असताना, खोकल्याचे औषध म्हणून तीच हाती लागली तर काय होईल याचा विचार करा.

कोणी मुलाने अमृतधारा, कापूर किंवा ओव्याचे फूल गिळले तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

1. उलटी काढू नका. मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. मध्येच आकडी आली तर उलटी श्वासनळीत जाते.
2. दूध, तूप, तेल पाजू नका. ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळतात.
3. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.
4. लगेच 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे मोठे रुग्णालय गाठा. बाटली बरोबर न्या.
5. मूल खेळत आहे, काही झालेले दिसत नाही, म्हणून थांबू नका.

तान्हे बाळ आणि बाळंतीण

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको. ओव्याचे पाणी नको, अर्क नको. बाळाच्या नाकाला, टाळूला, छातीला कापूर किंवा पुदिन्याचे फूल असलेले काहीही चोळू नये. पुदिन्याच्या फुलाच्या उग्र वाफेने तान्ह्या बाळाचा घसा आवळून श्वास अडकू शकतो. नाक चोंदले असेल तर मीठपाण्याचे थेंब पुरेत.

तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी आपल्या तळहाताला कोमट वाटते, पण बाळाची कातडी फार नाजूक असते. पुरचुंडीने भाजलेली बाळे मी पाहिली आहेत. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवणे आणि वर ओव्याची धुरी देणे तर थांबलेच पाहिजे. ओव्याचा जंतुनाशक गुण धुरात शोधायला जाऊन आपण बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत धूर भरतो. शिवाय बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आईला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी. तिच्या जेवणात ओवा, बाळंतशोपा घालायला हरकत नाही. गरोदरपणी मात्र फोडणीपुरता ओवा ठीक, ओव्याचे फूल नको.

वास आला म्हणजे श्वास सुधारला असे नाही

2021 च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मोबाइलवर एक संदेश फिरत होता. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब पुरचुंडीत बांधून हुंगा, रक्तातील ऑक्सिजन वाढेल. कितीतरी घरांत अशा पुरचुंड्या तयार झाल्या. यामागची फसगत समजून घ्यायला हवी. पुदिन्याचे फूल नाकातील गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. त्यामुळे नाक मोकळे झाल्यासारखे आणि भरपूर हवा आत जात असल्यासारखे वाटते. पण मोजून पाहिले तर नाकातील वाट पूर्वीइतकीच अरुंद असते. कापराचेही तसेच. साध्या सर्दीत तेवढ्या समाधानानेही झोप लागते, म्हणून मोठ्यांनी ते जरूर घ्यावे. पण न्यूमोनियाने फुप्फुस भरले असेल तर पुरचुंडी हुंगून रक्तात ऑक्सिजन जात नाही. उलट, 'आता बरे वाटतेय' या भावनेत मोलाचे तास निघून जातात. दम लागत असेल, बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा 94 च्या खाली असेल, तर तो आकडाच खरा मानावा.

'गॅस'चे सोंग घेणारे आजार

ओव्याचा खरा धोका ओव्यात नाही, तो उशिरात आहे. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत दडपण, घाम फुटलेला, मळमळ. घरचे म्हणतात, गॅस आहे, ओवा दे, सोडा दे. ढेकर येतेही आणि सगळे निश्चिंत होतात. हृदयविकाराचा झटका अनेकदा असाच पोटदुखीच्या वेषात येतो. मधुमेही माणसात आणि स्त्रियांत तर तो अधिकच फसवा असतो. अशा वेळी ओवा खाऊन वाट पाहू नका. नारायणगाव असो, मंचर असो, जेथे ईसीजी निघेल तेथे ताबडतोब जा. बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितके हृदय वाचते.

बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूला खाली उतरणारी, हालचालीने वाढणारी कळ ॲपेंडिक्सची असू शकते. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि शौच व वायू दोन्ही बंद, हे आतडे अडकल्याचे लक्षण. आणि आपल्या भागातील द्राक्ष-टोमॅटोवाल्यांसाठी एक खास सूचना. फवारणी करून आल्यावर पोटात मुरडा, उलटी, तोंडाला पाणी सुटणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे असे झाले तर ते अपचन नव्हे. ती विषबाधा आहे. अमृतधारा देऊ नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन रुग्णालयात या. त्या विषावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळायला हवा.

मग ओवा वापरावा की नाही?

जरूर वापरावा. जड जेवणानंतरचा फुगारा, साधी कळ, यासाठी मोठ्या माणसाने अर्धा चमचा ओवा चावून खाण्यास हरकत नाही. तासा-दोन तासांत बरे वाटले नाही, किंवा तोच त्रास आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागला, तर तपासून घ्यावे. जठरव्रण असलेल्यांनी रिकाम्या पोटी ओवा खाऊ नये. नायट्यावर ओवा वाटून किंवा ओव्याचे फूल घासून लावू नये. प्रयोगशाळेत बुरशी मरते, पण आपल्या अंगावर आधी कातडी भाजते.

ओव्याचे फूल हे शुद्ध रसायन आहे. एका लहान चमच्यातील फुलात कित्येक मुठी ओव्याचे बळ एकवटलेले असते. म्हणून ते घरात असेल तर औषधासारखेच ठेवा. बाटलीवर नाव लिहा, झाकण घट्ट लावा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात, खोकल्याच्या औषधापासून दूर ठेवा. झाडापासून मिळाले म्हणजे निर्धोक, असा नियम निसर्गाने कोठेही केलेला नाही. धोतराही झाडच आहे. आज संध्याकाळी दिवा लावायला जाल तेव्हा देवघराच्या फळीवर नजर टाका. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली तर ती आजच उचला.